लॉन्ड्रीसाठी बिनसोड्याचं लिक्विड: कापडाला कसं, मातीला कसं

आधी निकाल सांगतो. रोजच्या सुती आणि टेरिकॉटच्या धुण्याला हे लिक्विड चांगलं आहे, ग्रीस-ऑइलच्या कपड्यांना कमी पडतं, रेशमाला तर लावूच नये. कॅनवर ‘जैवविघटनशील’ असा हिरवा शिक्का आहे. आतल्या मुख्य घटकांपुरता तो खरा आहे, पण तो प्रत्यक्षात उतरतो की नाही हे तुमच्या मोरीतून पाणी पुढं कुठं जातं यावर ठरतं. मला या दुसऱ्या गोष्टीबद्दलच जास्त लिहायचंय, कारण साबण विकणारा ती कधी सांगत नाही.

परभणीत आमची लॉन्ड्री आहे. वडिलांनी उभी केली, आता मी आणि वहिनी मिळून चालवतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून याच धंद्यात आलो, त्यामुळं कॅनमागचं बारीक अक्षर वाचायची सवय आहे. गेल्या पावसाळ्यापासून रोजची सगळी धुलाई आम्ही या लिक्विडवर आणलीय. माल वाळूज एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याचा, मोंढ्यातल्या होलसेलरकडं २० लिटरच्या निळ्या कॅनमध्ये मिळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घटकांचा माल आणखीही काही जण बनवतात आणि मला घटकांबद्दल बोलायचंय. कॅनवर लिहिलेलं असं: एलएएस, एसएलईएस, फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट (मळ काढणारे मुख्य घटक हे तीन), सोडियम सायट्रेट, एन्झाइम, ऑप्टिकल ब्राइटनर, सुगंध. सोडा नाही, फॉस्फेट नाही. तुमच्या गावात याच्याशी जुळणारं लेबल दिसलं तर पुढचं बहुतेक सगळं त्यालाही लागू पडेल.

याआधी आम्ही सुटी पावडर वापरायचो. ॲसिड स्लरीत, म्हणजे डिटर्जंटच्या दाट आम्लात, धुण्याचा सोडा कालवायचा, वर मीठ, डोलोमाइटची भुकटी आणि रंगीत दाणे टाकायचे, झाली पावडर. स्वस्त पडते, मळ काढते आणि फेसही भरपूर देते. मराठवाड्यात लहान-मोठ्या कितीतरी ठिकाणी ती अशीच बनते. तिला मी नावं ठेवत नाही, आमचं घर तिच्यावर चाललंय. पण तिच्यातला सोडा हाताची सालं काढतो आणि मागच्या अंगणात काय करतो ते पुढं सांगतो.

आता कपड्यांचं. कॉलरची काळी रेघ आणि बाह्यांचा मळ लिक्विड न घासता काढतं, रात्री भिजवून ठेवलं तर. शाळेचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी, पोलिसांचे खाकी कपडे यांत पावडरीपेक्षा काही कमी नाही, आणि कापड कडक होत नाही. आमच्या बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात साधा साबण कॅल्शियमशी जुळून साका धरतो आणि तो पांढऱ्या कापडात करड्या झाकेसारखा बसतो. एलएएसही जड पाण्यात थोडं कमजोर होतं, पण सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून निभतं. पाणी फारच जड असेल तर लेबलवर लिहिलेल्या मापापेक्षा थोडं जास्त घालावं लागतं.

हळदीचा डाग मात्र स्वतंत्र सांगावा लागेल. वसमत-हिंगोलीचा हळदीचा पट्टा आम्हाला जवळ, शिवाय लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमाचे पांढरे सदरे ढिगानं येतात. सोड्याच्या पावडरीत असा सदरा टाकला की पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक होतो. गिऱ्हाईक समोर असलं तर त्याचा चेहरा पडतो, कापड जळालं असंच त्याला वाटतं. खरं तर हळदीतलं कर्क्युमिन क्षाराला लागलं की तांबडं होतं, तो तिचा गुणच आहे. या लिक्विडात सोडा नसल्यानं डाग पिवळाच राहतो. एकदा धुऊन ओला सदरा भर उन्हात डाग वर करून टाकायचा. ऊन कर्क्युमिन मोडतं. आपल्याकडच्या उन्हाला त्यासाठी फार वेळ लागत नाही, दुपारपर्यंत डागाची कड विरघळायला लागते आणि दुसऱ्या उन्हात बहुतेक जातो. हे काम कुठलाही साबण एकटा करत नाही, लिक्विड फक्त आड येत नाही. लग्नसराईत मला तेवढंच पुष्कळ आहे.

काळ्या मातीचे डाग, म्हणजे पेरणीच्या दिवसांतली धोतरं आणि पायजमे, यांत ते पावडरीच्या बरोबरीनं चालतं. गॅरेजवाल्यांचे कपडे आणि ट्रॅक्टरच्या ग्रीसचे डाग गार पाण्यात हलत नाहीत. तिथं आम्ही अजूनही गरम पाणी आणि सोडाच वापरतो, त्याला पर्याय सापडलेला नाही. एन्झाइम प्रथिनं खातात, म्हणून रक्ताचे, दुधाचे डाग सोपे जातात. रेशीम आणि लोकरही प्रथिनंच. पैठणी यात बुडवू नका. कॅनवर ही सूचना ठळक हवी होती, ती तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात आहे.

फेस कमी येतो. आमच्याकडं कपडे धुणाऱ्या मावशींचा पहिले आठवडे यावर विश्वासच बसेना. “फेस न्हाई तर मळ कसा निघंल?” असं म्हणून त्या मापाच्या वर आणखी एक टोपण घालायच्या. मळ फेस काढत नाही. तो काढतात लिक्विडातले रेणू: रेणूची शेपटी तेलाला धरते, डोकं पाण्याकडं ओढतं, आणि मळ मधल्या मध्ये कापडावरून उचलला जातो. फेस हा त्याच रेणूंचा पाण्याच्या वरचा पसारा. कमी फेसाचा आम्हाला झालेला मोठा फायदा म्हणजे एक विसळणं वाचलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या मुलखात विसळण्याचं एक पाणी वाचणं याची किंमत मी वेगळी मांडत बसत नाही.

फेसाचा विषय निघालाच आहे तर शिक्क्याकडं वळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर जो डिटर्जंट पसरला त्याची शेपटी फाट्याफाट्यांची होती. प्रोपिलीन वायूचे चार-चार रेणू जोडून ती बनवत, म्हणून ती वाकडीतिकडी. मळ उत्तम काढायची, पण जिवाणूंना ती खाता येईना. नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. पश्चिम जर्मनीनं १९६१ साली कायदा केला आणि १९६४ पासून किमान ८० टक्के विघटन होणाराच माल विकायची अट घातली. अमेरिकेतल्या कारखान्यांनी १९६५ पर्यंत आपण होऊन सरळ शेपटीचा माल आणला. तोच हा एलएएस, १० ते १३ कार्बनची सरळ साखळी, तिच्या अंगाला बेंझीनचं कडं आणि कड्याला सल्फोनेटचं डोकं. जुन्याला ‘हार्ड’ आणि नव्याला ‘सॉफ्ट’ म्हणत. म्हणून स्लरी विकत घेताना व्यापाऱ्याला सरळ विचारावं, माल लिनियर, म्हणजे सरळ शेपटीचा, आहे का? पावडर बनवणाऱ्यांसाठी हा एक प्रश्न फार मोलाचा आहे.

जिवाणू ही साखळी कशी संपवतात हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हापासून आवडतं. आपण ऊस शेंड्याकडून पेरा-पेरानं तोडत खावा तसे ते शेपटीच्या मोकळ्या टोकापासून सुरू करतात. आधी टोकाच्या कार्बनला ऑक्सिजन लावून त्याचं आम्ल करतात, मग दोन-दोन कार्बन तोडत आत सरकतात. वाटेत फाटा आला, आणि एका कार्बनला चारही बाजूंनी कार्बनच चिकटलेले असले, की तोडणं तिथंच अडतं. सरळ शेपटीत असा अडसर नसतो. शेपटी आखूड झाली की रेणूचा साबणपणा जातो, तो फेस देत नाही आणि माशांना पूर्वीइतका घातकही राहत नाही. हा पहिला टप्पा. त्यानंतर बेंझीनचं कडं फुटतं, सल्फोनेट सुटतं, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी, सल्फेट आणि जिवाणूंचं स्वतःचं शरीर एवढंच उरतं. हा दुसरा टप्पा, म्हणजे खरं पूर्ण विघटन. युरोपात २००५ पासून डिटर्जंटमधल्या अशा घटकांना हा दुसरा टप्पा पार करावा लागतो, नुसता फेस जाऊन चालत नाही. त्यासाठीच्या नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत किमान ६० टक्के घटकाचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो, किंवा तेवढा ऑक्सिजन तरी खपावा लागतो. एलएएस, एसएलईएस आणि अल्कोहोल इथॉक्सिलेट तिघंही या कसोटीत बसतात.

पण या चाचणीच्या बाटलीत हवा असते. एलएएसच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. टोकाला ऑक्सिजन लावल्याशिवाय पहिला घासच घेता येत नाही. जिथं हवा नाही तिथं एलएएस जवळजवळ तसंच पडून राहतं, गाळाला चिकटून बसतं. साधा साबण आणि फॅटी अल्कोहोलचे प्रकार बंद टाकीतही हळूहळू मोडतात, एलएएस मोडत नाही. तो गाळ पुढं मोकळ्या मातीत पसरला तर तिथं काही आठवड्यांत ते संपतं, कारण तिथं हवा मिळते.

आता आपल्या गावांकडं बघा. धुण्याचं पाणी एक तर सेप्टिक टँकमध्ये सोडतात, नाही तर तुंबलेल्या उघड्या गटारात. दोन्हीकडं हवेचा पत्ता नाही. गटाराच्या तळाचा काळा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल म्हणजे तिथं ऑक्सिजन संपल्याची खूण. अशा ठिकाणी ‘जैवविघटनशील’ लिक्विड ओतून शिक्क्याचं काहीच पदरात पडत नाही. तेच पाणी ओसरत्या, भुसभुशीत मातीतून किंवा खडीतून गेलं तर शिक्का खरा होतो. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून गटारं बंद केली आणि डास घालवले, हे आपल्या भागात बऱ्याच जणांना माहीत आहे. डासांसाठी केलेल्या त्या कामाचा साबणाच्या पाण्यालाही फायदा आहे, फक्त खड्डा कायम भरलेला राहता कामा नये. भरायचा आणि ओसरायचा, म्हणजे मधल्या वेळात हवा आत जाते.

आमच्या दुकानामागं जागा थोडी आहे. वॉशर आणि हायड्रोचं (कपडे पिळायच्या यंत्राचं) पाणी आधी एका लहान टाकीत येतं, तिथं धागे आणि माती बसते. पुढं खडी भरलेली उथळ चारी, तिच्यात कर्दळ लावलेली, आणि शेवटी पाणी शेवग्याला आणि केळीला जातं. चारी दोन भागांत केलीय. एक दिवस एकीकडं पाणी, दुसऱ्या दिवशी दुसरीकडं, म्हणजे एक भाग श्वास घेत राहतो. नव्या खडीत जिवाणू बसायला वेळ लागतो, सुरुवातीला शेवटच्या पाण्यालाही फेस यायचा. जिवाणू त्या अन्नाला सरावले तसा तो गेला.

फेस गेल्यावर पाण्यात काय उरलंय हे बघायला कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला दोन बाटल्या दिल्या, एक वॉशरच्या पाण्याची आणि एक चारीच्या शेवटाची. त्यानं मिथिलीन ब्लूची चाचणी माझ्यासमोर केली. काचेच्या फनेलमध्ये पाणी, त्यात निळा रंग, मग क्लोरोफॉर्म घालून हलवायचं आणि थांबायचं. क्लोरोफॉर्म जड, तो खाली बसतो. नुसता निळा रंग वरच्या पाण्यात राहतो, पण साबणाच्या रेणूशी जोडी जमली की तो खाली क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. वॉशरच्या पाण्याला तर आधी पुष्कळ पातळ करावं लागलं, तरी खालचा थर शाईसारखा गर्द झाला. चारीच्या पाण्याचा थर आभाळी, जेमतेम. मित्रानं लगेच बजावलं की ही चाचणी पहिला टप्पाच दाखवते, कडं फुटलं की नाही ते नाही. तरी मला समाधान वाटलं. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकात याच चाचणीनं मोजलेल्या डिटर्जंटची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि धुण्याच्या पहिल्या पाण्यात ते काही शे मिलिग्रॅम असतं. बोअरशेजारी धुण्याचा दगड असणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

एक सूचना. पांढऱ्या कपड्यांना आम्ही ब्लीच वापरतो. ते पाणी चारीत सोडायचं नाही, ते जिवाणूच मारून टाकतं. आम्ही त्याला वेगळी नळी काढलीय. तसंच मे महिन्यात चारी कोरडी ठणठणीत पडू देऊ नये. ऊब जिवाणूंना आवडते, पण ओलाव्याशिवाय काम बंद.

आता सोड्याचं. एलएएस कितीही मोडलं तरी सोड्यातल्या सोडियमला कुठला जिवाणू खात नाही. ते मातीतच राहतं. आमच्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर, आणि सोडियम चढलं की तिचे कण सुटे होऊन छिद्रं बंद करतात. पावडरीच्या दिवसांत लिंबाच्या आळ्यात पाणी मुरायचंच नाही. तळं साचायचं, वाळल्यावर वर पांढरा खार आणि खाली दगडासारखी पापडी, कुदळ टाकली तर खण्ण वाजायची. शेतकऱ्यांना चोपण जमीन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, तीच आमच्या अंगणात तयार होत होती. उपायही तोच, जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि पाणी पडलं की सोडियम खाली वाहून जातं. आम्ही जिप्सम टाकलं, लिक्विडवर आलो, आणि आता त्या आळ्यात पाणी मुरतं. लिक्विडातही सोडियम आहे, पण सोड्याच्या पावडरीच्या मानानं फार कमी. परसबागेला धुण्याचं पाणी देणाऱ्या बायांनी पाकिटावर ‘जैवविघटनशील’ शोधण्याआधी सोडा किती आहे ते शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

कंपनीला मी फोन केला. शिक्का कुठल्या चाचणीवर मारलाय, असं विचारलं. माणूस नीट बोलला, दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर कागद आला. त्यात एलएएस, एसएलईएस आणि इथॉक्सिलेटचे निकाल होते. ब्राइटनर आणि सुगंधाचे नव्हते. कापडाला निळसर पांढरी झाक देणारे हे ब्राइटनर जिवाणूंना सहजासहजी मोडत नाहीत, म्हणजे शिक्का सगळ्या कॅनला लागू नाही. हे मला पटलेलं नाही. ब्राइटनर काढून टाका आणि दुकानदाराला त्याची नीळ वापरू द्या, असं मी त्यांना लिहून कळवलंय. वासही इतका उग्र आहे की इस्त्री करताना गरम वाफेबरोबर डोक्यात जातो. दवाखान्याच्या चादरींना तो नको असतो.

एका गोष्टीसाठी मात्र त्यांचं कौतुक. स्वस्त लिक्विडात एनपी ९.५ सर्रास घालतात. नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट. ते मोडतं, पण अर्धवट, आणि मागं राहणारं नॉनिलफिनॉल चिवट असतं, जलचरांच्या शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखं वागतं. युरोपनं २००३ साली धुलाईच्या मालात त्याच्यावर निर्बंध आणले. या कॅनमध्ये ते नाही, त्याच्या जागी फॅटी अल्कोहोलचं इथॉक्सिलेट आहे, ते महाग पडतं. मोंढ्यात बिनलेबलाचं लिक्विड घेणाऱ्यांनी ‘एनपी आहे का’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

आई पैठणी आणि लोकरीचे कपडे अजून रिठ्यानंच धुते, आणि त्याला तोड नाही. पण रिठा म्हणजे निर्धोक असं समजून ते पाणी विहिरीत-तळ्यात सोडू नका. त्यातलं सॅपोनिन मोडतं लवकर, पण मोडायच्या आधी माशांना मारतं. वाहत्या पाण्यात थेट काहीच सोडू नये, रिठाही नाही.

खर्चाचं म्हणाल तर कॅनची किंमत पावडरीपेक्षा उघडच जास्त आहे. वाचलेलं विसळणं, टँकरचं पाणी आणि हातमोजे धरले तर उन्हाळ्यात आमची बरोबरी होते, पावसाळ्यात नाही. घरगुती वापराला २० लिटरचा कॅन फार होतो. आमच्या गल्लीत काही घरांनी मिळून एक घेतला आणि बाटल्यांत वाटून घेतला, तसं करावं. एन्झाइम उष्णतेनं मरतात, त्यामुळं कॅन पत्र्याखाली ठेवू नका, घरात सावलीला ठेवा. रिकामा कॅन होलसेलर परत घेतो आणि पुढच्या बिलात पैसे वळते करतो. भरलेला घेताना झाकण मात्र दुकानातच उलटं करून बघा, आमचे काही कॅन गळके निघाले आणि रिक्षात सांडलं.